उपग्रहाचा लेसर, ध्रुवावरची हिमचादर आणि एका सेंटिमीटरचा हिशेब

लेव्हलवाला

नमस्कार मंडळी. पाटबंधाऱ्याच्या सर्वेक्षणात माझी सारी नोकरी गेली. डम्पी लेव्हल (आडव्या रेषेत पाहायची दुर्बीण), चार मीटरचा स्टाफ (उभी धरायची मापपट्टी) आणि लेव्हलबुक एवढ्या भांडवलावर आम्ही कालव्याचा उतार काढत असू आणि दोन-तीन सेंटिमीटरची चूक निघाली तरी संध्याकाळी साहेबांसमोर उभे राहणे अवघड जाई. यंदाच्या मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर असताना मी दुपारभर पंख्याखाली बसून ध्रुवावरच्या बर्फाची उंची उपग्रहातून कशी मोजतात हे वाचत होतो (उन्हावरचा उतारा म्हणा हवे तर). त्यातला एक हिशेब काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढला आहे.

अंटार्क्टिकावर जमिनीला टेकून असलेली हिमचादर साधारण १ कोटी २० लाख चौरस किलोमीटरवर पसरली आहे. तिच्या उंचीच्या वार्षिक बदलात सर्वत्र सारखी १ सेंटिमीटरची चूक झाली, तर बर्फाच्या वजनात सुमारे ११० अब्ज टनांचा फरक पडतो. आणि नासाच्या दोन लेसर उपग्रहांच्या मोजणीवरून २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे २००३ ते २०१९ या काळात अंटार्क्टिकाने गमावलेला बर्फ आहे वर्षाला सरासरी ११८ अब्ज टन. म्हणजे एका सेंटिमीटरच्या चुकीत जवळजवळ सगळे उत्तरच बुडून जाते. पाचशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावत हा सेंटिमीटर कसा सांभाळत असतील, हे जाणकारांनी समजावून सांगावे. मला जेवढे कळले ते खाली लिहितो.

पहिला उपग्रह आइससॅट जानेवारी २००३ मध्ये गेला. त्याच्यावर तीन लेसर होते आणि एकानंतर एक वापरायचा बेत होता, परंतु पहिलाच लेसर जेमतेम सव्वा महिन्यात बंद पडला. चौकशीत असे आढळले की आतल्या सोन्याच्या तारा इंडियमच्या डागामुळे पोखरल्या गेल्या होत्या. उरलेले दोन पुरवून वापरायचे म्हणून मग सलग मोजणीऐवजी वर्षातून दोन-तीन वेळा, साधारण महिना-महिनाभर मोजणी करण्याचे ठरले, आणि ती २००९ पर्यंत चालली. त्या लेसरच्या एका स्पंदाचा, म्हणजे प्रकाशाच्या एका क्षणिक झोताचा, जमिनीवर पडणारा ठिपका सुमारे ६५-७० मीटर व्यासाचा असे आणि दोन ठिपक्यांत सुमारे १७० मीटरचे अंतर राही. दुसरा उपग्रह, आइससॅट-२, सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. त्याचा हिरवा लेसर सेकंदाला १०,००० स्पंद सोडतो, त्यामुळे लागोपाठचे ठिपके जमिनीवर अवघ्या ७० सेंटिमीटर अंतराने पडतात. आम्ही तीस-तीस मीटरवर स्टाफ उभा करीत असू, आणि हे यंत्र हाताहाताच्या अंतरावर लेव्हल घेत निघाले आहे.

सात_रस्ता

विषय आवडला, लेव्हलवाले काका. परंतु माझी प्राथमिक शंका आहे. प्रकाश जाऊन यायला लागणारा वेळ मोजतात हे समजले, पण प्रकाशाचा वेग पाहता तो वेळ सेंटिमीटरपर्यंत मोजणे शक्य तरी आहे का?

बाळीवेस

शक्य आहे, पण त्याची रीत थोडी निराळी आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. जाण्यायेण्याचे अंतर दुप्पट असल्याने उंचीच्या भाषेत एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटिमीटर. ५०० किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात उपग्रह आणखी तेहतीस स्पंद सोडून मोकळा झालेला असतो, त्यामुळे परत आलेला फोटॉन (प्रकाशाचा कण) कोणत्या स्पंदाचा हे ओळखणे हेही एक कामच आहे. प्रत्येक स्पंदात फोटॉन अगणित निघतात, पण बर्फावर आपटून ८० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीत परत येणारे फोटॉन, या उपग्रहाच्या जास्त ताकदीच्या, जोरकस शलाकेच्या बाबतीतही, दहाच्या आसपास असतात. त्या प्रत्येक फोटॉनची वेळ स्वतंत्र नोंदली जाते. एकट्या फोटॉनच्या वेळेवर सेंटिमीटरची खात्री देता येत नाही. शिवाय सूर्यप्रकाशातले हिरवे फोटॉनही त्याच दुर्बिणीत शिरत असतात आणि दिवसाच्या नोंदीत त्यांचा पाऊस पडलेला दिसतो. परंतु पृष्ठभागावरून आलेले फोटॉन एका रेषेवर दाटतात आणि बाकीचे विखुरलेले राहतात. साधारण ४० मीटरच्या तुकड्यातले शेकडो फोटॉन घेऊन त्यांतून रेषा बसवली की सरासरीने चूक खाली येते. तुम्ही स्टाफचे वाचन तीनदा घेऊन मधले धरत असाल, तसेच हे आहे.

खरी डोकेदुखी घड्याळाच्या बाहेर आहे. उपग्रह नेमका कोठे होता हे जीपीएसवरून काढावे लागते, आणि शलाकेचे तोंड नेमके कोणीकडे होते हे ताऱ्यांकडे रोखलेल्या कॅमेऱ्यांवरून. ५०० किलोमीटरवरून दिशेत एका विकलेची, म्हणजे एका अंशाच्या ३,६०० व्या भागाची चूक झाली तर ठिपका जमिनीवर सुमारे २.४ मीटर सरकतो, आणि जमिनीला एका अंशाचा जरी उतार असला तरी तेवढ्यानेच उंचीत ४ सेंटिमीटरची गफलत होते. हवेचेही तसेच आहे. हवेतून जाताना प्रकाश किंचित मंदावतो, त्यामुळे समुद्रसपाटीला अंतर दोन मीटरहून अधिक वाढलेले भासते. हवेचा दाब ठाऊक असल्याशिवाय ते वजा करता येत नाही.

लेव्हलवाला

सर, एका अंशाच्या उताराला ४ सेंटिमीटर हे वाचून माझ्या मनातला दुसरा प्रश्न वर आला. तरुणपणी एका वितरिकेच्या अकरा किलोमीटरच्या तुकड्यात माझी लेव्हल ७ सेंटिमीटरने बंद होत नव्हती, म्हणजे शेवटी जुळायला हवी ती उंची जुळत नव्हती. तीन दिवस पुन्हा पुन्हा लेव्हल फिरवल्यावर लक्षात आले की बेंचमार्क म्हणून, म्हणजे ठाऊक उंचीची खूण म्हणून, धरलेला दगड बैलगाडीच्या चाकाने कलला होता, आणि मी मुकाट्याने त्याच्या वर आलेल्या कोपऱ्यावर स्टाफ ठेवत होतो. जागा एक वीतभर बदलली की उंची बदलते, हे त्या दिवसापासून अंगात भिनले आहे. इथे तर उपग्रह पुढच्या खेपेला त्याच रेषेवरून जाणार असे म्हणतात, पण त्याच रेषेवरून म्हणजे किती त्याच?

बाळीवेस

आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे, काका. पहिल्या आइससॅटची शलाका एकच होती. पुढच्या खेपेला तो मूळ रेषेपासून समजा १०० मीटर बाजूला गेला आणि तिथे आडवा उतार एका अंशाचा असला, तर उंचीत पावणेदोन मीटरचा फरक दिसणार. आता हा फरक बर्फ वितळल्याचा की उपग्रह बाजूला सरकल्याचा? एकाच शलाकेवरून याचे उत्तर देता येत नाही. अनेक खेपा साठवून, त्यांतून आधी उताराचा अंदाज काढून मग बदल वेगळा करावा लागे. उपग्रहाच्या उत्तरेकडे जाणाऱ्या आणि दक्षिणेकडे येणाऱ्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, तिथल्या दोन उंचींची तुलना करणे हा दुसरा उपाय होता, आणि आपल्या क्लोजिंग एररची तपासणी ती हीच.

आइससॅट-२ मध्ये एकाच लेसरचे सहा भाग करून तीन जोड्या केल्या आहेत. दोन जोड्यांमध्ये सुमारे ३.३ किलोमीटरचे अंतर आहे आणि जोडीतल्या दोन शलाका ९० मीटर अंतराने शेजारी शेजारी चालतात, त्यांपैकी एक जोरकस आणि एक तिच्या चौथाई ताकदीची. दोघींच्या उंचीतला फरक म्हणजे त्याच क्षणीचा आडवा उतार, म्हणून पुढच्या खेपेला जोडी थोडी इकडेतिकडे झाली तरी तो वजा करता येतो. ९१ दिवसांत १,३८७ वाटा पुऱ्या करून हा उपग्रह पुन्हा पहिल्या वाटेवर येतो, त्यामुळे प्रत्येक ऋतूची मोजणी हाती लागते.

मात्र आपल्या पहिल्या हिशेबात एक दुरुस्ती सुचवतो. एक सेंटिमीटरची चूक दोन्ही वेळेला सारखीच असेल तर ती बदलाच्या हिशेबात उरत नाही, कारण बदल म्हणजे दोन मोजण्यांची वजाबाकी. लेव्हलची दृष्टिरेषा किंचित कललेली असली तरी बॅकसाइट आणि फोरसाइट (मागच्या आणि पुढच्या स्टाफची वाचने) सारख्या अंतरावर घेतली की ती चूक आपोआप कटते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. उरते ती दोन उपग्रहांच्या चुकांमधली तफावत, आणि तीही सोळा वर्षांवर वाटली जाते. ३ सेंटिमीटरची तफावत धरली तरी वर्षाला २ मिलिमीटरांहून कमी भरते, म्हणजे अंटार्क्टिकासाठी सुमारे २० अब्ज टन. ही रक्कम लहान नाही, परंतु त्यात उत्तर बुडत नाही.

लेव्हलवाला

दुरुस्ती मान्य आहे, आणि ती मला आधी सुचायला हवी होती याची जरा लाजही वाटते. तरीही उपग्रहाची स्वतःची चूक तपासायला जमिनीवर बेंचमार्क कोठला, हे सांगावे.

बाळीवेस

दोन ठिकाणे सांगतो. बोलिव्हियातले सालार द युयुनी नावाचे प्रचंड मिठागर जगातल्या सर्वांत सपाट पृष्ठभागांपैकी एक आहे. २००२ साली, म्हणजे आइससॅट जाण्यापूर्वीच, वाहनावर जीपीएस लावून त्याची उंची काढून ठेवली होती. दुसरे ठिकाण दक्षिण ध्रुवाजवळ आहे. आइससॅट-२ ८८ अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे त्याच्या सगळ्या वाटा ८८ अंश दक्षिण अक्षवृत्तापाशी दाटीने एकत्र येतात. तिथे २०१७-१८ च्या उन्हाळ्यात बर्फावर चालणाऱ्या वाहनांतून त्या अक्षवृत्ताच्या कडेने सुमारे ७५० किलोमीटरचा प्रवास करून जीपीएसने उंची मोजली गेली. तिच्याशी ताडून पाहता बर्फाच्या उंचीची सरासरी चूक ३ सेंटिमीटरहून कमी निघाली.

हिप्परगा

मी भूगोलात पदव्युत्तर अभ्यास करते. रडारने ढगांतूनही मोजता येते आणि लेसरला ढग आडवे येतात, मग रडारच का वापरत नाहीत? युरोपचा क्रायोसॅट-२ तर २०१० पासून काम करतो आहे आणि आपल्या इस्रोने फ्रान्सबरोबर २०१३ साली सोडलेल्या सरल उपग्रहावरही रडार उंचीमापीच होता.

बाळीवेस

ताई, रडार वापरतातच, आणि दोन्ही लागतात. पण रडारचा ठिपका किलोमीटरांच्या मापाचा असतो, आणि त्याच्या लहरी कोरड्या हिमात शिरतात, त्यामुळे परत आलेली लहर वरच्या पृष्ठभागाची की आतल्या थराची हा प्रश्न उरतो. याचे उत्तम उदाहरण २०१२ सालचे आहे. त्या जुलैत ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग काही दिवस ओला झाला आणि ते पाणी वरच्या हिमात गोठून कडक पापुद्रा तयार झाला. एरवी आत शिरणारी क्रायोसॅटची लहर त्या पापुद्र्यावरूनच परतू लागली आणि नोंदीत हिमचादरीची उंची सुमारे अर्ध्या मीटरने वाढलेली दिसली. इतके वितळूनही कागदावर बर्फ चढला! सरलच्या रडारची लहरलांबी लहान असल्याने ती हिमात कमी शिरते, हा तिचा गुण होता. २०२० साली क्रायोसॅट-२ ची कक्षा सुमारे ९०० मीटरने उचलून तिचा आइससॅट-२ च्या वाटांशी ठरावीक अंतराने मेळ बसवला गेला. लेसर वरचा पृष्ठभाग सांगतो आणि रडार थोडा आतला, म्हणून त्या फरकातून वरच्या हिमाच्या जाडीचा अंदाज येऊ शकतो. हिरवा प्रकाशही भरड दाण्यांच्या हिमात थोडासा शिरतो, हे मात्र कबूल केले पाहिजे.

चादरवाला

मी शास्त्रातला नाही. आमचा धंदा चादरी आणि टॉवेलांचा, त्यामुळे धाग्याच्या नावात चादर दिसली म्हणून आत आलो. इथे सगळे उंचीचेच बोलत आहेत आणि शेवटी आकडा टनांत सांगत आहेत. आमच्याकडे गादी भरली की पहिल्या दिवशी ती हातभर उंच दिसते आणि सहा महिन्यांनी दबून बसते. कापूस मात्र छटाकभरही कमी झालेला नसतो. बर्फाचे तसे होत नाही का? तसे होत असेल तर गादीची उंची मोजून कापूस कसा तोलणार?

बाळीवेस

आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत कठीण आहे, आणि मी उगाच म्हणत नाही. हिमचादरीच्या वरचा थर बर्फाचा नसून दबत चाललेल्या जुन्या हिमाचा असतो, ज्याला अभ्यासक फिर्न म्हणतात. अंटार्क्टिकात तो पन्नास ते शंभर मीटर, कुठे कुठे त्याहूनही जाड असतो. वर पडलेल्या हिमाचा एक घनमीटर साधारण ३५० किलो भरतो आणि खाली दबून झालेल्या बर्फाचा ९१७ किलो. आता एका चौरस किलोमीटरवर उंची १० सेंटिमीटरने घटली असे धरा. बर्फच वाहून गेला असेल तर ९१,७०० टन गेले. वरचे ताजे हिम गेले असेल तर ३५,००० टन. आणि नुसती गादी दबली असेल तर काहीच गेले नाही. लेसरला तिन्ही प्रसंग अगदी सारखे दिसतात.

म्हणून हवामानाच्या प्रारूपांवरून कोठे किती हिम पडले, तापमान किती होते, त्या मानाने फिर्न किती दबला असेल, हे गणिताने काढून उंचीतून वजा करतात. खालचा खडकही वर येतो. पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्राच्या किनाऱ्याला ओझे कमी झाल्यामुळे तो वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर उचलला जातो आहे, आणि बर्फाचा पृष्ठभागही त्याच्याबरोबर तेवढा वर येतो. यावर स्वतंत्र पडताळा म्हणजे ग्रेस मालिकेतल्या जोडउपग्रहांचा. ते गुरुत्वाकर्षणातला बदल मोजतात, म्हणजे थेट कापूसच तोलतात. फिर्न दबण्याने त्यांना फरक पडत नाही, पण ठिकाणाचा तपशील त्यांना शेकडो किलोमीटरांच्या मापानेच मिळतो आणि खडकाच्या उचलीचा हिशेब त्यांना तर जास्तच छळतो.

लेव्हलवाला

चादरवाले साहेब, आपण जे विचारले ते आमच्या खात्यात रोज घडते. उजनीची पातळी ४९६.८३ मीटरला पोचली की धरण भरले असे आपण म्हणतो आणि ११७ टीएमसी हा आकडा वर्तमानपत्रात येतो. पण गेजवर दिसते ती फक्त पातळी. तिच्यावरून साठा काढायचा तक्ता धरण बांधताना केलेला असतो आणि दरवर्षी तळाला गाळ बसत जातो. पातळी तीच असली तरी पाणी तेवढेच राहिले का, हे पुन्हा सर्वेक्षण केल्याशिवाय कळत नाही. ध्रुवावरचा गाळ वरच्या बाजूला बसतो, एवढाच फरक.

उजनीचे माप आलेच आहे तर एक बेरीज मांडतो. त्याच २०२० च्या अभ्यासाप्रमाणे ग्रीनलंडने वर्षाला सरासरी २०० अब्ज टन बर्फ गमावला. मृतसाठ्यासकट पूर्ण भरलेल्या उजनीत सुमारे ३.३२ अब्ज टन पाणी मावते. म्हणजे ग्रीनलंडमधून दरवर्षी साठ उजन्या आणि अंटार्क्टिकातून पस्तीस. दोन्ही मिळून सोळा वर्षांत जगाच्या समुद्राची पातळी १४ मिलिमीटर वाढली. उजनी मायनसमध्ये गेली की आपल्याकडे घरोघरी चर्चा होते, म्हणून हे माप मला टनांपेक्षा लवकर कळते.

सात_रस्ता

परंतु मी असेही वाचले होते की अंटार्क्टिकाच्या काही भागात बर्फ वाढतो आहे. मग नेमके खरे काय?

बाळीवेस

दोन्ही खरे आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या विस्तीर्ण पठारावर काही भागांत उंची थोडी थोडी वाढली आहे, कारण तिथे जास्त हिम पडले. पश्चिमेला पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्यांच्या पट्ट्यात मात्र ती मीटरांच्या हिशेबात खाली जाते आहे. ग्रीनलंडच्या याकोबशावन आणि कांगेर्लुसुआक या हिमनद्या तर वर्षाला चार ते सहा मीटर खचल्या. गादीचा प्रश्न इथे पुन्हा येतो. पठारावरची सेंटिमीटरांची वाढ हलक्या हिमाची आहे आणि फिर्नच्या गणितात थोडे इकडेतिकडे झाले की तिचे टन बदलतात. हिमनदीच्या तोंडाशी गेलेले पाच मीटर हे बहुतांशी घट्ट बर्फाचे आहेत, त्यामुळे तिथल्या आकड्यावर माझा विश्वास अधिक आहे. बेरजेतली अनिश्चितता मुख्यतः शांत, सपाट, कोणी लक्ष न देणाऱ्या पठारावरून येते, हे मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते.

हिप्परगा

आइससॅट-२ ची सगळी माहिती विनामूल्य मिळते, म्हणून काल रात्री मी ती उतरवून पाहिली. ध्रुवापर्यंत जाण्याआधी हात बसावा म्हणून उजनीच्या जलाशयावरून गेलेली एक वाट निवडली. पाणी अगदी आरशासारखे सपाट दिसले, काठावरची चढण दिसली, उसाच्या फडाचा वरचा शेंडा आणि खालची जमीन असे दोन थरही वेगळे ओळखता आले. परंतु पाण्याची उंची त्या दिवशीच्या गेजच्या पातळीपेक्षा साठ मीटरहून अधिक खाली आली आहे. तीनदा तपासले. शिवाय पुढच्या खेपेची वाट त्याच जागेवरून गेलेली नाही, कित्येक किलोमीटर बाजूला गेली आहे. माझे काय चुकले?

लेव्हलवाला

काही चुकलेले नाही, बाळ. तुझी आणि धरणाची लेव्हल वेगवेगळ्या शून्यापासून सुरू होते. गेज मध्यम समुद्रसपाटीपासून मोजते आणि उपग्रह पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. भारताच्या दक्षिणेला समुद्रात गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा आहे, त्याच्यामुळे आपल्याकडची समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली जाते. त्या जागेचा फरक माहितीच्या फाइलमध्येच वेगळा दिलेला असतो, तो हिशेबात धर. मगच गेजशी ताडून पाहा, आणि जे काही सेंटिमीटर उरतील ते इथे लिही.

बाळीवेस

वाट बाजूला गेल्याचेही कारण आहे. ध्रुवाकडे उपग्रह त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा नेतात, पण आपल्या अक्षांशावर जंगलांची उंची जास्तीत जास्त ठिकाणी मिळावी म्हणून तो मुद्दाम थोडा कलता ठेवतात. तेव्हा उजनीवर उताराचा प्रश्न येणार नाही, पाणी सपाट आहे. हिप्परगा ताई, वारा असलेला दिवस मात्र टाळा, लाटांमुळे फोटॉनची रेषा जाड होते.

हिप्परगा

फरक धरून पाहिला. आता पाण्याची उंची गेजच्या जवळ आली आहे, पण सहाही शलाका एकच आकडा देत नाहीत, कमजोर शलाकांमध्ये फोटॉन फारच विरळ आहेत. रविवारी जोरकस तीनच घेऊन पुन्हा रेषा बसवते. काका, त्या दिवसाची गेजची सकाळी आठची नोंद मिळेल का?

लेव्हलवाला

मिळेल. उपग्रह किती वाजता गेला तेही कळव, पाणी सोडलेले असेल तर आठची नोंद चालणार नाही.